हेडिंग्लीच्या बेटिंगच्या दुकानाचा रिव्ह्यू: भाव कोण काढतं, दुकान किती खातं

दर उन्हाळ्यात सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलांकडे इंग्लंडला जाणाऱ्या आई-वडिलांसाठी हा रिव्ह्यू आहे. बागा, किल्ले, कालव्याकाठचं फिरणं यांवर आपल्या लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय. बुकीच्या दुकानावर मराठीत कोणी लिहिलेलं मला सापडलं नाही. बहुधा आत जाऊन आलेला माणूस ते सांगत नसावा. मी सांगते. लीड्स शहरातल्या हेडिंग्ली भागात, क्रिकेटच्या मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर, जुने कपडे विकणारं चॅरिटी शॉप आणि सँडविचचं दुकान यांच्या मधे हे दुकान आहे. मोठ्या साखळीतलं आहे. साखळीचं नाव देत नाही, कारण आतली मांडणी सगळ्यांची एकसारखीच असते आणि मला लिहायचंय ते सगळ्यांनाच लागू पडतं.

मी कोण हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर लोकांना वाटेल म्हातारीला जुगाराचा नाद लागलाय. माझं बालपण परळच्या चाळीत गेलं, मटक्याच्या भरात. "ओपन काय आला?" हे वाक्य मी "जेवलात का?"च्या बरोबरीने ऐकलेलं आहे. पुढे आयुष्यभर एलआयसीच्या ॲक्च्युरिअल विभागात नोकरी केली. कोणत्या वयाच्या हजार माणसांतली किती वर्षभरात जाणार आणि त्यावरून हप्ता किती बसवायचा, हे काम. 94-96चा मृत्यूतक्ता आमच्या टेबलांवर असायचा, त्याची पानं मला आजही डोळ्यांपुढे दिसतात. त्यामुळे लीड्समध्ये पहिल्यांदा या दुकानाच्या काचेतून भिंतभर लागलेले आकडे बघितले तेव्हा पाय आपोआप आत वळले. जावईबापू बाहेरच थांबले. "आई, तुम्ही नक्की इथेच जाताय?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मुलगी म्हणाली, "जाऊ दे रे तिला, आकडे दिसले की ती ऐकत नाही."

दाराशीच पाटी आहे: पंचविशीच्या आतले दिसत असाल तर ओळखपत्र दाखवावं लागेल. माझ्याकडे कोणी मागितलं नाही.

आत गालिचा, उंच स्टूल, भिंतीवर घोड्यांच्या शर्यतींची वर्तमानपत्री पानं टाचलेली, त्यांच्या वर टीव्हींची रांग. छोट्या पेनांचा डबा, कोऱ्या चिठ्ठ्यांची थप्पी, आणि काचेमागे काउंटर. काउंटरवरच्या बाई सगळ्यांना "लव्ह" म्हणतात, मलाही म्हणाल्या. स्वच्छता चांगली, कॉफी बेताची, दुपारच्या वेळी गिऱ्हाईक बहुतेक निवृत्त पुरुष. एकमेकांशी फारसं न बोलता सगळे टीव्हीकडे बघत असतात. हे एवढं ऐसपैस वातावरण पूर्वी नव्हतं. 1960च्या कायद्याने परवानगी मिळून 1 मे 1961पासून अशी दुकानं उघडली, तेव्हा सरकारचा हेतूच असा होता की माणसाने यावं, पैज लावावी आणि निघून जावं. खिडक्या झाकलेल्या, बसायला जागा नाही, टीव्ही नाही. खुर्च्या, टीव्ही आणि गरम पेयं यांना 1986 साली सूट मिळाली. लोकांना बसवून ठेवलं की धंदा वाढतो हे तिथल्या सरकारला कळायला पंचवीस वर्षं लागली. आपल्याकडच्या कोणत्याही सराफाने ते पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

आता फलक वाचायचा कसा ते. इथे भाव अपूर्णांकात लिहितात. 5/2 म्हणजे दोन पौंड लावले आणि जिंकलात तर पाच पौंड नफा, शिवाय तुमचे दोन परत. म्हणजे दोन घालून सात हातात येतात. याला उलटं करा: सातात दोन, म्हणजे 28.6 टक्के. दुकान तुम्हाला असं सांगतंय की या गोष्टीची शक्यता एवढी आहे. निदान तुम्हाला तसं वाटतं. खरं तर दुकान एवढंच सांगतंय की ही गोष्ट मी तुम्हाला या किमतीला विकेन. किमतीत नफा धरलेला असतोच. एलआयसीत आम्ही नुसत्या मृत्युदरावर जेवढा येतो तो शुद्ध हप्ता वेगळा काढायचो आणि त्यावर खर्च आणि नफ्याचं लोडिंग चढवायचो. पॉलिसीधारकाला दोन्ही मिळून एकच आकडा दिसतो. इथेही तेच. माझा सगळा रिव्ह्यू त्या लोडिंगचा आहे. दुकान चांगलं की वाईट हे मी गालिच्यावरून ठरवत नाही, शंभर पौंडातले किती ते स्वतःकडे ठेवतं यावरून ठरवते.

ते मोजायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे टॉस. क्रिकेट सामन्याचा टॉस कोण जिंकणार यावरही इथे पैज घेतात, आणि नाण्याला फॉर्म नसतो, दुखापत नसते, खेळपट्टी नसते. शक्यता पन्नास-पन्नास, यात जगातल्या कोणत्याही तज्ज्ञाचं दुमत नाही. तरी फलकावर दोन्ही संघांना 10/11 असतो. अकरा लावा, जिंकलात तर दहा मिळवा. तुम्ही एका बाजूला अकरा लावले, मी दुसऱ्या बाजूला अकरा लावले, दुकानाकडे बावीस जमले. जिंकणाऱ्याला एकवीस दिले, एक पौंड दुकानाकडे राहिला. बावीसातला एक, साडेचार टक्के. नाणं काहीही पडो.

मटक्यात आमच्या लहानपणी एका आकड्याला रुपयाला नऊ असा भाव ऐकलेला आहे. आकडे दहा, देणार नऊ, म्हणजे रुपयातले दहा पैसे मटकेवाल्याचे. तेव्हा हे गणित चाळीतल्या कोणालाही तोंडपाठ होतं आणि तरीही लोक लावायचे. हेडिंग्लीचं दुकान टॉसवर त्याच्या निम्म्याहून कमी घेतं आणि पावती देतं. या एका बाबतीत मी त्याला पाचपैकी साडेचार तारे देते.

फुटबॉलवर आलं की तारे कमी होतात. समजा, यजमान संघाला 10/11, बरोबरीला 5/2 आणि पाहुण्यांना 11/4 लिहिलंय. तिन्हींचे टक्के काढा: 52.4, 28.6 आणि 26.7. बेरीज 107.6. शक्यतांची बेरीज शंभरच्या वर जाऊ शकत नाही, सामन्याचा निकाल तिघांतला एकच लागणार. वरचे साडेसात हे लोडिंग. तुम्ही लावलेल्या पैशाच्या हिशेबात ते सात टक्के पडतं. मी घरी जावयांच्या लॅपटॉपवर एक तक्ता केला आणि शनिवारी फलकावरून भाव उतरवून आणून बेरजा मारत बसले. मोठ्या, सगळ्यांच्या नजरेतल्या सामन्यांना बेरीज शंभराच्या जवळ, खालच्या डिव्हिजनच्या सामन्यांना लांब. भाजी मंडईत कांद्याचा भाव सगळ्यांना माहीत असतो म्हणून त्यावर कोणी फार कमवत नाही, आणि कधीतरीच लागणाऱ्या चीजेवर सगळे कमावतात, तसंच.

घोड्यांच्या शर्यतीला वेगळं माप लागतं, कारण घोडे अनेक. एका घोड्यामागे दीड-दोन टक्के जादा असणं तिथल्या लोकांना रास्त वाटतं. दहा घोडे असतील तर 115 ते 120ची बेरीज. मला ते रास्त वाटत नाही, पण माझ्या मताला यॉर्कशायरमध्ये कोण विचारतो.

भाव नेमका कोण काढतं, हा प्रश्न मी काउंटरवरच्या बाईंना विचारला. त्या हसल्या. दुकानात कोणीच काढत नाही. साखळीच्या मुख्य कार्यालयात ट्रेडरांची खोली असते, तिथून सगळ्या दुकानांच्या पडद्यांवर एकाच वेळी आकडे पडतात. पूर्वी या कामाला कंपायलर म्हणत. एखादा माणूस, हातात शिसपेन्सिल, डोक्यात तीस वर्षांची फुटबॉल लीग. आता सुरुवात संगणक करतो. त्याची जडणघडण मात्र माझ्या ओळखीची निघाली.

फुटबॉलमधल्या गोलांचं गणित पॉयसाँच्या वितरणावर चालतं. क्वचित घडणाऱ्या, एकमेकींपासून बऱ्याच अंशी स्वतंत्र घटना मोजायला तेच वापरतात, आम्ही अपघाती मृत्यूंच्या दाव्यांना वापरायचो. समजा, यजमानांकडून सरासरी 1.5 गोल अपेक्षित आहेत आणि पाहुण्यांकडून 1.1. मग यजमानांनी एकही गोल न करण्याची शक्यता 22.3 टक्के, पाहुण्यांची 33.3 टक्के, आणि दोन्हींचा गुणाकार केला की 0-0ची शक्यता साडेसात टक्क्यांच्या आसपास येते. असाच प्रत्येक स्कोअरचा कोठा भरायचा, मग यजमान जिंकतात ते कोठे एकत्र, बरोबरीचे एकत्र, पाहुण्यांचे एकत्र. झाला भाव तयार. फक्त प्रत्यक्षात 0-0 आणि 1-1 हे निकाल या गुणाकारापेक्षा थोडे जास्त लागतात, 1-0 आणि 0-1 थोडे कमी. हे लक्षात घेऊन दुरुस्ती सुचवली ती मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी, 1997 साली. दोघं तेव्हा लँकेस्टर विद्यापीठात होते, म्हणजे लीड्सहून डोंगर ओलांडला की पलीकडेच. जुन्या सामन्यांपेक्षा अलीकडच्या सामन्यांना जास्त वजन द्यायचं, हीही त्यांचीच सूचना. बुकींच्या भावांत कुठे फटी आहेत ते दाखवायला त्यांनी हे लिहिलं होतं. आता त्याच पद्धतीच्या वंशातली गणितं बुकीच वापरतात.

पण इथपर्यंतचा आकडा हा कच्चा माल. पुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडला, कारण तो विम्यापेक्षा वेगळा आहे. मी एखाद्याला पॉलिसी विकली म्हणून त्याच्या वयाचा मृत्युदर बदलत नाही. बुकी मात्र पैज घेता घेता शिकत असतो. पहिला भाव लावताना तो मोठी रक्कम घेत नाही. थोड्या पैशांची दारं उघडतो आणि कोण येतंय बघतो. रोज येऊन आवडत्या क्लबवर पाच पौंड लावणारा शंभर वेळा आला तरी भाव हलत नाही. जो माणूस वर्षानुवर्षं बरोबर निघालाय तो एका बाजूला आला की लगेच हलतो. त्याला कदाचित गोलकीपरच्या गुडघ्याचं काही कळलेलं असतं. त्यामुळे सामना सुरू होण्याच्या क्षणीचा भाव हा आठवड्याच्या सुरुवातीच्या भावापेक्षा बराच शहाणा असतो. तोवर सगळ्या जाणत्या लोकांनी आपली माहिती पैशाच्या रूपाने त्यात ओतलेली असते. शिवाय 2000 सालापासून बेटफेअरसारखे एक्स्चेंज आले. तिथे बुकी नसतो, माणसं आपसांत लावतात आणि खातात (खाणं म्हणजे दुसऱ्याने लावलेली पैज आपल्या अंगावर घेणं), कंपनी जिंकणाऱ्याकडून कमिशन घेते. लावणं आणि खाणं या दोन्ही बाजू तिथे एकाच पडद्यावर दिसतात. इतर दुकानांचे ट्रेडर त्या पडद्यावर डोळा ठेवून असतात.

लोकांचा एक समज आहे की बुकी दोन्ही बाजूंना सारखे पैसे येतील असा भाव सरकवत राहतो, म्हणजे कोणी का जिंकेना. टॉसच्या उदाहरणात मीही तसंच दाखवलं, कारण गणित सोपं होतं. प्रत्यक्षात दुकान अनेकदा एका बाजूला कललेलं असतं आणि जाणूनबुजून असतं. इंग्लंडच्या फुटबॉल संघावर प्रेमापोटी लोक कोणत्याही भावाला पैसे लावतात. मग दुकान त्यांना किंचित वाईट भाव देतं, धोका पत्करतं आणि दीर्घकाळात कमावतं. आमच्याकडेही एकेका पॉलिसीवर आम्ही हरू शकत होतो, लाख पॉलिसी मिळून हरत नव्हतो.

जाणत्या माणसाचं पुढे काय होतं ते इथे सांगायलाच हवं, कारण रिव्ह्यूत मी सगळ्यात जास्त तारे इथे कापलेत. तो सातत्याने जिंकतोय असं दिसलं की ऑनलाइन खात्यावर त्याची मर्यादा घटवतात. शंभर पौंड लावायला गेला तर स्क्रीन म्हणते, दोन पौंड घेतो. इंग्लंडमध्ये हे राजरोस चालतं आणि बहुतेक सगळ्या मोठ्या कंपन्या करतात. विम्यात घाईघाईने मोठी पॉलिसी मागणाऱ्याची आम्ही आधी वैद्यकीय तपासणी करायचो, तेव्हा त्यांची भीती मला समजते. पण आम्ही निरोगी माणसाला हाकलत नव्हतो. यांना फक्त आजारी, म्हणजे हरणारं, गिऱ्हाईक हवं असतं.

आता जून 2025च्या कसोटीबद्दल. भारत-इंग्लंड मालिकेचा पहिला सामना इथे हेडिंग्लीलाच झाला. जयस्वाल, गिल, राहुल यांची शतकं, पंतची दोन, आणि तरी शेवटच्या दिवशी इंग्लंडने 371चा पाठलाग पाच गडी राखून केला. तिकीट महाग होतं म्हणून मी त्या दिवशी दुपारी दुकानात जाऊन बसले. बरोबर वाचताय, आख्ख्या दुकानात साडीवर मी एकटीच. त्या दिवशी सामना चालू असतानाचा भाव कसा जगतो ते समजलं. प्रत्येक षटकागणिक सामना अनिर्णित राहण्याचा भाव लांबत जातो, म्हणजे आकडा मोठा होतो, कारण इंग्लंड जलद खेळतंय आणि वेळ पुरणार. मग पालघरच्या शार्दूलने डकेटला आणि लगेच पुढच्या चेंडूवर ब्रूकला काढलं, तेव्हा पडद्यावरचे सगळे भाव गायब झाले. नुसत्या आडव्या रेघा. विकेट पडली की बाजार थांबवतात, गणित नव्याने करतात, मग उघडतात.

आणि त्यात एक मजा आहे जी फक्त याच दुकानात बघायला मिळते. मैदान इतकं जवळ आहे की वारा बरोबर असला तर विकेटची आरोळी आधी कानावर येते. टीव्हीवर तो चेंडू नंतर पडतो, कारण प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं. पहिल्यांदा मला वाटलं, अरे, इथे तर सोन्याची खाण आहे! चालू सामन्यावर पैज देऊन बघितली तर मशीन काही सेकंद विचार करत थांबतं आणि मधे काही घडलं की पैज नाकारतं. म्हणजे त्यांनाही आरोळीचं माहीत आहे. टेनिसच्या सामन्यांत प्रेक्षकांत बसून गुण नोंदवला जाण्याआधी फोनवरून बातमी पोचवणारी माणसं असतात, त्यांच्यापासून बचाव म्हणून हा थांबा आहे. व्यवस्था चोख आहे, दाद द्यायला हवी.

याच मैदानावर 1981 साली सट्ट्याच्या इतिहासातला सगळ्यात प्रसिद्ध भाव लागला होता. इंग्लंड फॉलोऑनमध्ये, आणि लॅडब्रोक्सने इंग्लंडच्या विजयाला 500/1 दिला. तो आकडा मैदानाच्या फलकावर झळकला. लॅडब्रोक्सला क्रिकेटचे भाव सांगायला गॉडफ्री इव्हान्स होता, इंग्लंडचा जुना यष्टिरक्षक. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीने गंमत म्हणून दहा पौंड लावले, रॉड मार्शने पाच. स्वतःच्याच संघाविरुद्ध! आज असं केलं तर खेळाडूवर बंदी येईल. मग बोथमचे नाबाद 149, विलिसचे 43 धावांत 8 बळी, 130चं लक्ष्य असताना ऑस्ट्रेलिया 111वर बाद, इंग्लंड 18 धावांनी विजयी. दोघांना मिळून साडेसात हजार पौंड मिळाले. त्यांनी खेळात काही कसूर केली असं सहसा कोणी म्हणत नाही.

500/1 म्हणजे 0.2 टक्के. हा आकडा कोणत्या तक्त्यातून आला असेल असं मला वाटत नाही. दोन संघ मैदानात असताना, दोन दिवस बाकी असताना, पाचशेत एक? तो जाहिरातीचा आकडा होता, बघणाऱ्याला गंमत वाटावी असा. 2015-16च्या फुटबॉल मोसमाआधी लेस्टर सिटीला 5000/1 दिला होता, तोही तशातलाच, आणि मे 2016मध्ये लेस्टर चॅम्पियन झालं. फलकाच्या टोकाचे आकडे काढायला कोणाकडे पुरेसे अनुभव नसतात. आमच्याकडेही तक्त्यात शंभरीच्या पुढच्या वयांचे दर असेच रेघ पुढे ओढून भरलेले असत. फरक एवढाच की या दोन किश्शांनंतर बुकींनी धडा घेतला आणि टोकाचे भाव आता मुद्दाम आखूड ठेवतात. वरच्या गणितातला 0-0 घ्या. दुरुस्तीनंतर त्याची शक्यता आठ टक्के धरली तर रास्त भाव एकाला साडेअकरा येतो. फलकावर 9/1 असेल तर शंभरातले वीस दुकानाचे. त्याच सामन्यात कोण जिंकणार यावर ते सात घेत होतं. म्हणजे जेवढा मोठा आकडा, तेवढा दुकानाचा हात मोठा.

शनिवारी सकाळी तरुण पोरं येतात ती ॲक्युम्युलेटर लावायला. चार सामने एका चिठ्ठीवर, चारही बरोबर आले तर भावांचा गुणाकार मिळणार. पाच पौंडाचे ऐंशी, शंभर होताना दिसतात. त्यांना कोणी सांगत नाही की लोडिंगचाही गुणाकार होतो. प्रत्येक सामन्यावर शंभरातले 93 परत येतात असं धरलं तर चार सामन्यांच्या साखळीत शंभरातले 75 परत येतात. चौथाई गेली! पेशव्यांनीसुद्धा चौथाई वसूल करायला फौज पाठवली होती, इथे पोरं स्वतः घेऊन येतात. एका मुलाला मी हे कागदावर करून दाखवलं. तो नम्रपणे "ब्रिलियंट" म्हणाला आणि चिठ्ठी काउंटरवर देऊन आला. या प्रकाराला एक तारा, तोही पोराच्या सभ्यपणाला.

डाव्या कोपऱ्यात चार मशिनं आहेत. कायद्याने चारच ठेवता येतात, आणि बहुतेक दुकानं चारच्या चार ठेवतात. त्यावर रूलेट चालतं. सदतीस खाने, जिंकलात तर पस्तीसपट नफा, लोडिंग फक्त 2.7 टक्के. टॉसपेक्षाही कमी! मग वाईट काय? वेग. वीस सेकंदांना एक डाव, तासाला 180. एप्रिल 2019पर्यंत एका डावाला शंभर पौंड लावता यायचे. म्हणजे तासाला अठरा हजारांची उलाढाल, आणि त्याच्या 2.7 टक्क्यांनी सरासरी 486 पौंड तासाला गायब. सरकारने मर्यादा दोन पौंडांवर आणल्यावर हाच हिशेब पावणेदहा पौंडांवर येतो. भाव तोच, यंत्र तेच, आणि तरी एका नियमाने पन्नासपट फरक. पैज लावताना टक्का बघावा तसं घड्याळही बघावं, हे तिथे बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवरून कळतं. मशिनांना शून्य तारे. संगणकाने तयार केलेले आभासी कुत्रे पडद्यावर धावतात, त्यांनाही शून्य. त्यांच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

तुलनेसाठी यॉर्कचं रेसकोर्स. लीड्सहून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत यॉर्क. नेव्हझ्मायर नावाच्या मोकळ्या माळावर रेसकोर्स आहे, तिथेच 1739 साली डिक टर्पिन या दरोडेखोराला फाशी दिलं होतं, असं मुलीने वाटेत वाचून दाखवलं. तिथे बुकी उघड्यावर, रांगेने, आपापल्या नावाच्या पाट्या आणि भावाचे दिवे लावून उभे असतात. एकाकडे 4/1 आणि पुढच्याकडे 9/2 असा फरक डोळ्यांसमोर दिसतो. तुम्ही पुढे सरकलात की पहिला हळूच आपला दिवा बदलतो. पांढरे हातमोजे घालून हातवाऱ्यांनी भाव कळवणारे टिकटॅकवाले आता राहिले नाहीत, सगळ्यांकडे टॅबलेट आहेत. तरी शर्यत सुटण्याआधीची शेवटची दोन मिनिटं बघण्यासारखी असतात. फेव्हरिटवर पैसा आला की रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भाव आखूड होत जातो. पैसा भावाला कसा हलवतो हे मी हेडिंग्लीत ऐकलं होतं, इथे बघितलं. दुकानात एकच भिंत आणि एकच विक्रेता. मी निवड करायची तर यॉर्क, पण टोपी घातलेल्या बायका आणि शॅम्पेनचा खर्च धरून.

आपल्याकडच्या वाचकांसाठी: महाराष्ट्रात जुगाराविरुद्धचा कायदा 1887चा आहे आणि रेसकोर्सवरच्या घोड्यांच्या पैजा सोडल्या तर क्रिकेटवर लावणं बेकायदा आहे. ऑगस्ट 2025मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवरही बंदी आणली. न्यायमूर्ती लोढा समितीने जानेवारी 2016मध्ये क्रिकेट सट्टा कायदेशीर करण्याची शिफारस केली होती, तसा कायदा पुढे झाला नाही. मला विचाराल तर, बंदी असताना फोनवर चालणाऱ्या सट्ट्यात लोडिंग किती हे तपासायला भिंतच नसते. हे माझं मत झालं. जावई म्हणतात, भिंत दिली की लोक डोकं आपटून घेतात. त्यांच्या ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने स्वतःहून गॅमस्टॉपमध्ये नाव नोंदवलंय. ती तिथली योजना: एकदा नोंद केली की परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांना त्याचं खातं बंद ठेवावंच लागतं. म्हणून जावयांशी मी या विषयावर वाद घालत नाही.

जायचंच असेल तर व्यवहाराच्या गोष्टी. रोख किंवा डेबिट कार्ड चालतं, क्रेडिट कार्डावर पैज लावायला एप्रिल 2020पासून बंदी आहे. चिठ्ठी स्वतःच्या अक्षरात लिहून काउंटरवर द्यायची, भाव लिहून घ्यायला सांगायचा. नाहीतर घोड्यांच्या बाबतीत शर्यत सुटतानाचा जो भाव असेल तो लागू होतो. फलकावरचे भाव उतरवून घ्यायला कोणी अडवत नाही, वही न्या. स्वच्छतागृह विचारावं लागतं, किल्ली काउंटरवर असते. कसोटीच्या पहिल्या दिवशी टॉस साडेदहाला होतो. त्याआधी रांग असते, म्हणून दहाला पोचा, आणि दोन पौंडांच्या वर लावू नका.